एकास हजार

पेटी उघडली तेव्हा सुका बर्फ संपलेला.
पत्त्यावर बेळगाव, पावतीवर बेळगावी,
दोन नावांच्या मधल्या कुठल्याशा गोदामात
ती तीन दिवस पडून होती.
थर्मोकोलच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी कुपी,
आत शंभर मायक्रोलिटर,
म्हणजे दोन थेंब, जेमतेम.
किंमत माझ्या दोन महिन्यांच्या स्टायपेंडइतकी.

नदाफ सरांनी चष्मा कपाळावर सारला.
"मेलं असेल," म्हणाले, "पण टाकू नका.
विचारून बघा."

कुठल्याशा थंड देशातल्या सशाला
टोचलं होतं या प्रथिनाचं शेपूट,
पंधरा अमिनो आम्लांचं.
सशाचं रक्त बिथरलं,
त्या बिथरण्यातून ही ओळख गाळून घेतली,
कुपीत भरली, वर नंबर चिकटवला.
सशाचं पुढे काय झालं, ते कागदावर नाही.

आई वडगावात यंत्रमागावर असते.
ताण्याचा धागा तुटला की खडखड थांबते,
ती वाकते, दोन टोकं चिमटीत,
थुंकीचं बोट, एक पीळ,
साडी नेसणारीला कधी कळत नाही.
तिला सांगितलं, पेशीतही असंच चालतं,
आरएनएचा लांब धागा,
मधला नको तो भाग कापायचा, उरलेला सांधायचा.
कुठे कापायचं ते दाखवणारं एक प्रथिन आहे,
मी त्याला शोधते.
"कापलेलं कुठं टाकतात?" तिने विचारलं.
सुताचे तुकडे ती पत्र्याच्या डब्यात साठवते,
वातींना होतात.
मी म्हणाले, विरघळतं बहुतेक.
"बहुतेक?"

शिवलीला अंगडी दूध पावडर घेऊन आली.
अंगडी म्हणजे दुकान, यावर ती स्वतःच आधी हसते,
दुसऱ्याला संधी देत नाही.
पांढऱ्या पडद्याला पाच टक्के दूध पाजलं,
तासभर,
नाहीतर हे औषध दिसेल त्याला मिठी मारतं.
मग एकास हजार.
ती कन्नडमध्ये मोजते, मी मराठीत,
पिपेट दोघींचं ऐकते.

रात्री अकराला वीज गेली.
वॉचमन सिद्राय कंदिलासारखा मोबाइल धरून दारात.
"काय करूलालीस ग अंधारात?"
"वाट बघूलालो."
"कुणाची?"
शीतकपाटाला कान लावून उभी होते,
जनरेटर लागेपर्यंत चार अंशांचे सहा होतील, सात होतील,
काय सांगणार होते त्याला.

सकाळी शेळीची पाळी.
सशाला ओळखणारं शेळीचं रक्त,
त्याला बांधलेला उजेड.
ओळखणाऱ्यालाही ओळखावं लागतं कुणीतरी,
त्याशिवाय काही दिसत नाही.

यंत्राच्या पडद्यावर आधी नुसतं करडं.
मिनिटभर. दोन मिनिटं.
मग पस्तीसच्या खुणेखाली
नखाएवढी काळी रेघ.
शिवलीलाने माझं मनगट इतकं दाबलं
की घड्याळाचा पट्टा उमटला.
शेजारच्या घरात, जिथे आम्ही ते प्रथिन गप्प केलं होतं,
जागा कोरी.
म्हणजे जिवंत आहे. म्हणजे खरं बोलतंय.

पण खाली, बावीसच्या आसपास,
आणखी एक.
दोन्ही घरांत, सारखीच ठळक.
ती कोण, हे कंपनीच्या कागदावर नाही,
नदाफ सरांना माहीत नाही,
सशाला माहीत असेल.
छापताना लोक ही पट्टी कापून टाकतात,
सर म्हणाले. आपण ठेवू.
आणि उशिराची तक्रार करायची नाही,
आधी पत्ता विचारतील,
मग त्यावरच आठवडा जाईल.

उरलेलं दहा नळ्यांत वाटलं,
पुन्हा पुन्हा गोठवलं तर मरतं म्हणून.
नऊ भरल्या.
दहावीत तळ ओला झाला, इतकंच.
शिवलीलाने तिच्या झाकणावर मार्करने लिहिलं,
कडिमे इदे, कमी आहे,
तिच्या लिपीत, घाईत, वाकडं.
मला वाचता आलं.